नंदिनीचा पैरा

कुरुंदवाडात मदिना बागवान हे नाव सांगितलं तर निम्मे लोक विचारात पडतील. ‘मुकादमीणभाभी’ म्हटलं की मात्र नदीकडच्या शिवारातला कुणीही माणूस तिचं घर बोटानं दाखवतो. वय अठ्ठावन्न. बांधा बारीक, आवाज दोन शेतं पलीकडं जाईल असा. गेली तीस वर्षं ती बारा बायकांची टोळी चालवते. लावण असो, तणाची भांगलण असो, फळांचा तोडा असो, शेतकरी आदल्या संध्याकाळी तिच्या दारात येतो आणि किती बायका हव्यात ते सांगून जातो. दुसऱ्या दिवशी सात वाजता तितक्या बायका त्याच्या बांधावर उभ्या असतात. यात चूक झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

पण गल्लीत तिला जो मान आहे तो टोळीमुळं नाही, पैऱ्यामुळं आहे. पैरा म्हणजे मजुरीशिवायची अदलाबदल. आज तुम्ही आमच्या शेतात दिवसभर राबलात, तर पुढं तुम्हाला गरज पडेल त्या दिवशी आमच्या घरातलं माणूस तुमच्याकडं येणार. दिवसाला दिवस. बैलजोडी घेऊन आलात तर त्याचे तीन दिवस धरायचे. माणूस आपली भाकरी आपण आणतो, दुपारचं कोरड्यास, म्हणजे कालवण, शेतमालकानं घालायचं. कागद नाही, सही नाही. कुणाचा दिवस कुणाकडं राहिला याबद्दल वाद झाला, तर तो मदिनाभाभीच्या उंबऱ्यावर येतो. ती डोळे मिटून सांगते, ‘दसऱ्याच्या आदल्या बुधवारी तुझी सून हिच्या भुईमुगात होती. तो दिवस फिटलेला न्हाय.’ वाद तिथं संपतो.

ती मूळची इथली नव्हे. सहा वर्षांची असताना आई गेली. वडील कामाला म्हणून बाहेर पडले ते परतले नाहीत. आधी ती कोल्हापुरात शाहूपुरीतल्या चुलत्याकडं राहिली, मग निपाणीला मामाकडं. दोन्हीकडची माणसं वाईट नव्हती. पण त्या घरांत तिला कुणी कधी ‘आता पुरे’ म्हटलं नाही. भांडी झाली की धुणं, धुणं झालं की मामाकडं तंबाखूच्या विड्यांची पानं कापणं. ताटात भाकरी पडायची तेव्हा आज आपण किती काम केलं हे तिच्या मनात आपोआप यायचं. अठराव्या वर्षी निसार बागवानशी लग्न होऊन ती कुरुंदवाडात आली. निसारचा व्यवसाय गावातली वांगी टेम्पोत भरून जयसिंगपूरच्या सौद्याला नेण्याचा. तो कमी बोलणारा, आणि जे बोलतो ते उशिरा बोलणारा माणूस. त्यांची एकुलती मुलगी शाहिस्ता आता मिरजेत नांदते.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे गल्लीतल्या दोन मुली.

अमरसिंह नावाचा त्यांचा बाप दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात करोनानं गेला. आई दोन वर्षांनी, तेवीसच्या जूनमध्ये, काविळीनं गेली. थोरली नंदिनी तेव्हा पंधरा वर्षांची, नुकतीच दहावीत गेलेली. धाकटी अंतरा सात वर्षांची. मागं राहिलं ते दोन खोल्यांचं घर आणि नदीकाठची वीस गुंठे मळी. पूर ओसरला की काठावर गाळाचा थर राहतो, त्या जमिनीला इकडं मळी म्हणतात. त्या गाळात वांगी अशी येतात की जयसिंगपूरच्या सौद्यात व्यापारी करंडीवरचा पाला बाजूला न करताच ओळखतात.

दिवसकार्य झाल्यावर इचलकरंजीचा मामा बसून राहिला. तो यंत्रमागावर कामाला होता. दोन खोल्या, घरात आधीच सहा माणसं. त्यानं खरं ते सांगितलं. अंतराला तो नेऊ शकत होता, दोघींना नाही. थोरलीची सोय कोल्हापुरात मुलींच्या वसतिगृहात करावी लागणार होती. मुलांच्या देखभालीचं काम पाहणाऱ्या कचेरीतून रेंदाळकर मॅडम आल्या होत्या. त्यांनीही हाच मार्ग सुचवला. त्या बोलत असताना अंतरा नंदिनीच्या ओढणीचं टोक मुठीत धरून बसली होती. नंदिनी कुणाकडंच बघत नव्हती.

मदिनाभाभी दारात उभी होती. तिला विचारलं नव्हतं, तरी ती म्हणाली, “मॅडम, ह्या दोघी हितंच ऱ्हातील. मळी आम्ही गल्ली मिळून करतो. वांग्यावर दोघींचं भागतंय.”

मॅडमनी शांतपणे प्रश्न विचारले. घरात रात्री मोठं माणूस कोण? शेजारच्या चिमणाबाई म्हणाल्या, मी एकटीच असते, माझं अंथरूण इकडं आणते. शाळा? शाळा सुरूच राहणार. शेतात राबणार कोण? गल्ली. मामा कागदावर पालक राहायला तयार झाला. मॅडमनी लिहून घेतलं आणि सांगितलं की जानेवारीत त्या परत येतील. व्यवस्था टिकलेली दिसली तर मुली एकत्र राहतील. नाही दिसली तर त्यांना आधीचीच शिफारस करावी लागेल.

त्याच आठवड्यात मशिदीच्या ओट्यावर गल्ली बसली. बावीस घरं, त्यांतली चौदा शेती करणारी. मजूर लावून मळी करायची तर मुलींच्या हाती काही उरणार नव्हतं, तेव्हा पैऱ्यानंच करायची यावर कुणाचं दुमत नव्हतं. निसारनं माल सौद्याला फुकट न्यायचं कबूल केलं. एकानं बैलजोडी देऊ केली. धोंडुबाई म्हणून पासष्ट वर्षांची एक खमकी शेतकरीण आहे. तिनं रोपांचं तरू टाकायला आपल्या परड्यातली उंचावरची जागा दिली, म्हणजे पुराचं भय नाही.

बैठक उठायच्या बेतात असताना मदिनाभाभीनं आपला नियम सांगितला. या मळीवरचा पैरा परत मागायचा नाही. जो दिवस तुम्ही पोरींसाठी द्याल तो दिला तिथंच फिटला. त्यांच्या अंगावर कुणाचा एक दिवसही राहता कामा नये.

धोंडुबाईनं तोंड उघडलं होतं, पण मदिनाच्या चेहऱ्याकडं बघून मिटलं. बाकीच्यांना नियम चांगलाच वाटला. लोक त्या दिवशी मोठ्या मनानं घरी गेले.

पाऊसकाळ गेला. गणपती झाल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस, लावण निघाली. नऊ घरांतली माणसं आली. एका दिवसात वीस गुंठ्यांची लावण उरकली आणि मदिनाभाभीनं सगळ्यांना घरून कोरड्यास आणून वाढलं. ऑक्टोबरात पहिल्या भांगलणीला आठ घरं आली. मधल्या काळात पोरींच्या घरात चूल वेळेवर पेटत होती, अंतरा शाळेत जात होती, चिमणाबाई रात्री आठ वाजता दारातून हाक मारून आत येत होत्या. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं.

दुसऱ्या भांगलणीला, दिवाळीच्या आधी, तीन घरं आली.

मदिनाभाभी चिडली. ती दारोदार फिरली. कुणी नाही म्हटलं नाही. सगळे म्हणाले, येतो की भाभी. एकाकडं ऊस तुटायला आला होता. एकीला जावेच्या कांद्याचा पैरा फेडायचा होता आणि जाऊ दारात येऊन बसली होती. एकानं सांगितलं, परवा नक्की. परवा त्याच्या मेहुण्याच्या शेतात हरभऱ्याची पेर निघाली. तिथला दिवस देणं होतं, तो टाळता येण्यासारखा नव्हता. प्रत्येकाचं कारण खरं होतं. ज्यांना दिवस परत द्यायचा असतो त्यांचं काम आधी होत होतं आणि ज्यांना काहीच द्यायचं नाही त्यांचं मागं पडत होतं. मदिनाभाभी दुसऱ्यांच्या पैऱ्याचे निवाडे आयुष्यभर करत आली होती, पण ही साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. तिला वाटलं, माणसं बदलली.

मळीत लव्हाळा माजला. जी माणसं आली त्यांनी अर्ध्या सऱ्या केल्या आणि ऊन चढलं म्हणून निघून गेली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तोडा सुरू झाला. वांग्याचा तोडा चौथ्या दिवशी व्हायलाच लागतो. एक दिवस चुकला की फळ जून होतं, बी धरतं. तीन तोड्यांपैकी दोन चुकले. अळीचं प्रमाणही वाढलं. निसारनं एका संध्याकाळी टेम्पो लावता लावता सांगितलं की अमरसिंहाच्या मळीचा माल आज शेवटच्या ढिगात गेला. व्यापाऱ्यानं विचारलं, ही कुठली वांगी? मदिनाभाभीनं त्या रात्री नीट जेवण केलं नाही. जानेवारी महिन्यावर आला होता. वांगी गेली तर मॅडमना दाखवायला काय उरलं? धाकटी इचलकरंजीला, थोरली कोल्हापूरला.

ती आपली टोळी दुसरीकडं सोडून एकटीच दोन दिवस मळीत वाकली. अठ्ठावन्नाव्या वर्षी एकट्या बाईनं वीस गुंठे उरकत नाहीत. तिसऱ्या दिवशी तिची कंबर धरली आणि तिला घरी पडून राहावं लागलं.

आठवड्यानं, एका बुधवारी, ती सकाळी सातला मळीवर गेली तर बांधावर सहा डबे ठेवलेले. आत सहा बायका ओळीनं तोडा करत होत्या. मागच्या तीन-चार दिवसांत अर्धी मळी भांगलूनही झालेली दिसत होती, तणाचे ढीग बांधाला लावलेले. मदिनाभाभीला बरं वाटलं. आपल्या बोलण्याचा उशिरा का होईना परिणाम झाला असं समजून ती धोंडुबाईला म्हणाली, देवानं बुद्धी दिली म्हणायची.

धोंडुबाई वांगं तोडत तोडतच म्हणाली, “देवाचं काय हाय त्यात? पोरीचा दिवस हाय माझ्याकडं. कांदा लावाय आल्ती. तो फेडाय आलोय आम्ही.”

“कुठली पोरगी?”

“कुठली म्हंजे? नंदिनी. दिवाळीच्या सुट्टीत आल्ती, मागल्या ऐतवारी आल्ती. हात चांगला हाय तिचा. तुज्या टोळीतल्या दोघींपेक्षा चांगला.”

 मग बाकीच्या बायकांनी एकेक करून सांगितलं. एकीच्या उसात नंदिनीनं दोन दिवस भांगलण केली होती, एकीच्या भुईमुगाच्या शेंगा तोडल्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीतले सहा दिवस आणि त्यानंतरचे चार रविवार, एकूण दहा दिवस. प्रत्येकीला तिनं काम संपल्यावर सांगितलं होतं की माझा हा पैरा, मी सांगेन तेव्हा मळीवर यायचं. आणि चाचींना, म्हणजे मदिनाभाभीला, सांगायचं नाही.

मदिनाभाभी तोड्याला थांबली नाही. ती थेट मुलींच्या घरी गेली, पण नंदिनी सकाळच्या जादा तासाला शाळेत गेली होती. संध्याकाळपर्यंत तिचा राग निवला नाही, उलट मुरला. दिवेलागणीला ती परत गेली तेव्हा नंदिनी भाकरी थापत होती आणि अंतरा तव्याजवळ बसून पाढे म्हणत होती. चिमणाबाई अजून आल्या नव्हत्या. मदिनाभाभीनं आधी धाकटीला बाहेर पाठवलं.

“दुसऱ्याच्या बांधावर राबाय तुला कुणी सांगितलं?”

“कुणी न्हाय.”

“दहावीचं वरीस हाय. तुझी आई असती तर तुझं तंगडं मोडून हातात दिलं असतं.”

“शाळा एक दिवस बुडवली न्हाय चाची. बाईंना विचारा.” नंदिनीनं भाकरी उलटली. “आई असती तर आईनं पैरा केला असता. दरवर्षी करायची. तुमीच लावून द्यायचा.”

हे खरं होतं, म्हणून मदिनाभाभी आणखी चिडली. गल्लीला आपण काय सांगितलं होतं, कशासाठी सांगितलं होतं, दुसऱ्याच्या घरचा घास कामानं मोजला जातो तेव्हा तो कसा उतरतो हे तुला कुठं माहीत आहे, असं ती बराच वेळ बोलली. निपाणीच्या मामाकडची एक गोष्टही तिच्या तोंडून गेली. ती तिनं निसारलासुद्धा कधी सांगितली नव्हती.

नंदिनीनं सगळं ऐकून घेतलं. तवा उतरवून ठेवला.

“चाची, फुकट आल्याल्या माणसाला मी काय बोलू? मावशी अर्धी सरी ठेवून गेली, मी बगत बसले. कुठल्या तोंडानं म्हणू, मावशी, सरी पुरी करा? ती म्हणंल, आले तेच लई झालं. आता म्हणते. आज शाळेतून येताना धोंडुकाकूला सांगितलं, वांगं देठासकट तोडा, नुसतं वडू नका. लई चिडली. पण तोडलं देठासकट.” तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. “तुमच्या नियमानं मी सगळ्यांपुढं मान खाली घालून चालत होते. आता न्हाय चालत.”

मदिनाभाभी उठली. दारात अंतरा उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं हे उघड होतं. तिच्या डोक्यावर हात ठेवून ती घरी गेली.

घरी त्यांची बोली वेगळी. त्या बोलीत तिनं निसारला सगळं सांगितलं, पोरीच्या उद्धटपणासकट. निसारनं जेवण पुरं केलं, हात धुतले, आणि मग विचारलं की शाहूपुरीला किंवा निपाणीला तिचे दिवस कुणी मोजले होते का. ती म्हणाली, कुणी कशाला मोजेल? निसार म्हणाला की मग ते वेगळं होतं. तिथं काम कधी संपत नव्हतं, कारण कुणी मोजतच नव्हतं. या पोरीचा दिवस संध्याकाळी संपतो आणि दुसऱ्याच्या अंगावर चढतो. एवढं बोलून तो झोपायला गेला. मदिनाभाभीला त्याचं पटलं की नाही हे तिनं सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तिनं नंदिनीचे दिवस इतरांच्या दिवसांसारखे डोक्यात धरायला सुरुवात केली. दहा दिले, भांगलणीचे तीन आणि तोड्याचे सहा परत आले, एक येणे.

एक गोष्ट मात्र तिनं पक्की ठरवली. मॅडमना हे कळता कामा नये. पंधरा वर्षांची पोरगी दुसऱ्यांच्या शेतात जाते असं कागदावर गेलं तर पुढचं तिला दिसत होतं. तिनं चिमणाबाईंना बजावलं, टोळीतल्या बायकांना बजावलं. धोंडुबाईलाही बजावलं, पण धोंडुबाई त्या वेळी म्हशीची धार काढत होती आणि तिनं नुसतं हं म्हटलं.

रेंदाळकर मॅडम जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आल्या. मामाही इचलकरंजीहून आला होता. मॅडमनी घर पाहिलं, चिमणाबाईंचं अंथरूण पाहिलं, डब्यातलं धान्य पाहिलं. शाळेतून आणलेला हजेरीचा उतारा वाचला. नंदिनीची हजेरी पूर्ण होती, सहामाहीत गणितात तिला ऐंशीच्या वर गुण होते. मॅडमना समाधान वाटलेलं दिसलं. मग त्या म्हणाल्या, चला, मळी दाखवा.

मळी आता बघण्यासारखी झाली होती. तण कुठं नव्हतं, पानं गर्द होती, आणि धोंडुबाईसह पाच बायका तोड्याला होत्या. करंड्या भरत आल्या होत्या. मॅडमनी एक वांगं हातात घेतलं आणि देठाचा काटा टोचल्यावर खाली ठेवलं. त्यांनी विचारलं, “या सगळ्या तुमच्या टोळीतल्या का? यांना मजुरी कोण देतं?”

“मजुरी न्हाय मॅडम. गल्लीतल्या हायत. पोरींसाठी येत्यात, फुकट,” मदिनाभाभी म्हणाली.

धोंडुबाई सरीतून ताठ उभी राहिली. “फुकट कशाला? मला काय धंदा न्हाय व्हय? पैरा हाय की. नंदिनी माझ्या कांद्यात आल्ती, मी हिच्या वांग्यात आलोय. पावणीबाई, तुमच्याकडं पैरा नसतोय व्हय?”

मॅडमनी विचारलं, पैरा म्हणजे काय? धोंडुबाईनं तो समजावून सांगितला, बैलजोडीच्या तीन दिवसांसह. शेवटी नंदिनीच्या हाताची तारीफही केली. मदिनाभाभी तिच्याकडं बघत होती, पण धोंडुबाईचं लक्ष नव्हतं. गल्लीतल्या मुलीचं नाव चांगलं व्हावं एवढंच तिच्या मनात होतं.

मॅडमनी लिहिणं थांबवलं. पेनाला टोपण लावलं. त्या आवाज न चढवता बोलल्या. सुट्टीत मुलीनं घरच्या शेतात हात लावला तर कुणी काही म्हणणार नाही. पण ती दुसऱ्यांच्या शेतात दिवसभर काम करते आणि त्यावर हे घर चालतं, असं दिसलं तर ती व्यवस्था म्हणून त्यांना लिहिता येत नाही. हे थांबायला हवं. थांबवून मळी चालत असेल तर उत्तमच. नसेल तर दोघींच्या बाबतीत त्यांनी जूनमध्ये जे सुचवलं होतं तेच सुचवावं लागेल.

“थांबवलं की मळी चालत न्हाय,” नंदिनी म्हणाली. “नोव्हेंबरात बगितलंय आम्ही.”

मामानं खाकरून सांगितलं की अंतराला न्यायची तो आजही तयारी ठेवून आलाय. अंतरा हे ऐकून बहिणीच्या मागं गेली.

 बायकांनी तोडा थांबवला होता. मदिनाभाभीनं एकवार मळीवरून नजर फिरवली. तिला स्वतःचा जुना नियम परत आणता आला असता, पण त्यानं काय झालं होतं ते तिच्या समोरच होतं. नंदिनीचे दिवस आपण गुपचूप फेडावेत आणि पोरीला कळूच देऊ नये, असंही तिच्या मनात आलं असणार. तिचा स्वभावच तसा होता. पण ती म्हणाली ते वेगळं.

“मॅडम, पोरगी अठराची होईस्तोवर तिचा पैरा मी फेडते. ती कुणाच्या बांधावर जाणार न्हाय. तिच्या जागी मी जाते.”

“मग तो तुमचा पैरा झाला,” नंदिनी म्हणाली. “माझा कसा? मी परत फुकटचीच.”

“गप. पुरं ऐक.” मदिनाभाभीला पुढचे शब्द जड गेले. ती नंदिनीकडं न बघता सरीकडं बघत बोलली. “पैरा तुझाच. मी तुझ्या वतीनं जाणार. जेवढं दिवस मी जाईन तेवढं दिवस तुझ्या अंगावर माझं. अठरा पुरी झालीस की माझ्याकडं यायचंस आणि फेडायचंस. एक दिवस सोडणार न्हाय मी.”

 दिवसाला दिवसच का, असं नंदिनीनं विचारलं. मदिनाभाभी म्हणाली, दिवसाला दिवस. दुपारचं कोरड्यास? ते मी घालीन, रीत आहे तशी. मग नंदिनीनं मान हलवली.

मॅडमनी विचारलं की हा हिशोब ठेवणार कोण. यावर बांधावरच्या सगळ्या बायका हसल्या. मॅडमना हसण्याचं कारण कळलं नाही, ते चिमणाबाईंनी त्यांना नंतर वाटेत समजावलं. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं की शेतीची कामं प्रौढ शेजारी महिला करतील, मुलगी शिक्षण सोडून अन्यत्र काम करणार नाही, दोघी बहिणी सध्या आहेत तिथंच एकत्र राहतील आणि दर सहा महिन्यांनी पाहणी होईल. मामानं सही केली. जाताना त्यानं अंतराच्या हातावर खाऊची पुडी ठेवली. पाहुण्याला पोचवायला जातात तशी ती त्याला एसटीपर्यंत सोडायला गेली.

फेब्रुवारीत धोंडुबाईच्या कांद्याची भांगलण निघाली. मळीवरच्या तोड्यांमुळं तिचे दोन दिवस नंदिनीकडं येणे झाले होते. त्यातला एक फेडायला मदिनाभाभी सकाळी सातला भाकरीचा डबा घेऊन धोंडुबाईच्या बांधावर हजर झाली. तीस वर्षांत ती दुसऱ्याच्या शेतात मुकादम म्हणूनच उभी राहिली होती. हातात खुरपं घेऊन, दुसरीच्या सांगण्याप्रमाणं बसायची वेळ पहिलीच. धोंडुबाईनं तिला कोपऱ्यातले चार वाफे दाखवले आणि कांद्याची मुळं हलवू नको म्हणून दोनदा सांगितलं. मदिनाभाभी म्हणाली, मला शिकवतेस? धोंडुबाई म्हणाली, तुला नाही, नंदिनीच्या पैऱ्याला शिकवतोय.

पाच वाजता नंदिनी शाळा सुटल्यावर दप्तर घेऊन तिकडून आली. परीक्षेला तीन आठवडे राहिले होते. ती थांबणार नव्हती, नुसतं विचारून जाणार होती. बांधावर उभं राहून तिनं धोंडुबाईला विचारलं, काकू, माझा दिवस पुरा झाला का?

धोंडुबाईनं वाफ्यांवरून नजर फिरवली. तीन वाफे झाले होते. चौथ्याचा पाटाकडचा तुकडा राहिला होता. मदिनाभाभी तेव्हा खुरपं पाटाच्या पाण्यात धुऊन, डबा पिशवीत घालून निघायच्या तयारीत होती.

“एवढा ऱ्हायलाय बग,” धोंडुबाई म्हणाली.

नंदिनीनं त्या तुकड्याकडं पाहिलं, मग मदिनाभाभीकडं. “चाची,” ती म्हणाली, “तेवढा पुरा करा. माझं नाव हाय.”

मदिनाभाभीनं पिशवी बांधावर ठेवली. कंबरेवर हात देऊन ती सावकाश खाली बसली आणि राहिलेला वाफा करायला लागली.